गुडघ्यावरचा ठोका: ताण-प्रतिक्षेप कसा चालतो, कसा पाहायचा आणि कसा वाचायचा

साखर कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की धारूर, केज, वडवणीकडची माणसं गावी परततात, आणि चैत्र-वैशाखात माझ्याकडे कंबर धरून येणाऱ्यांची संख्या वाढते. मी अंबाजोगाईच्या भागात फिजिओथेरपी करते. अशाच एका दुपारी चाळिशीतले एक ऊसतोड भाऊ बायकोला सोबत घेऊन आले. हंगामभर डोक्यावर 30-40 किलोच्या मोळ्या घेऊन ते फळीवरून ट्रकमध्ये चढले होते. आता उजव्या कुल्ल्यापासून पोटरीच्या मागून थेट पायाच्या करंगळीपर्यंत मुंग्या येत होत्या, आणि चवड्यावर उभं राहायला सांगितलं की उजवा पाय खचत होता.

मी त्यांना उंच टेबलावर पाय सोडून बसवलं आणि डाव्या गुडघ्याच्या वाटीखाली रबरी हातोडीचा ठोका दिला. पाय टुणकन उडाला. ते दचकले. "म्या तर काहीच केलं नाही, ताई!" उजवाही तसाच उडाला. मग त्यांना खुर्चीवर गुडघे टेकवून उभं केलं, पावलं मागं लोंबती ठेवली आणि टाचेमागच्या जाड शिरेवर ठोका दिला. डावं पाऊल झटक्यात मागं गेलं. उजवं हललंच नाही. दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदाही नाही. इतका वेळ गप्प उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोनं विचारलं, "मग ह्यो काऊन नाही उडाला?"

नवऱ्याचा प्रश्न आणि बायकोचा प्रश्न, या दोन्हींची उत्तरं या लेखात आहेत. पहिल्यात चेतासंस्थेची रचना कळते. दुसरा मला जास्त मोलाचा वाटतो, कारण ठोक्याची किंमत पाय किती उडाला यात नसून तो दुसऱ्या बाजूसारखा उडाला का, यात आहे. घरी हा ठोका देऊन पाहणारे बहुतेक जण नेमके इथेच चुकतात.

ठोका आणि उडी यांच्यामध्ये काय घडतं

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. ठोक्यानं कुठली नस दबत नाही आणि हाडाला धक्का द्यायचाही नसतो. मांडीचा पुढचा मोठा स्नायू खाली येऊन गुडघ्याच्या वाटीला धरतो, आणि वाटीच्या खालून एक रुंद, चिवट पट्टा नडगीच्या हाडाला जाऊन चिकटतो. हा पट्टा म्हणजे कंडरा. दोन खुंट्यांना ताणून बांधलेला दोर मध्येच बोटानं दाबला की दोन्ही टोकांना ओढ बसते. कंडरेला ठोका बसला की तेच होतं: ती क्षणभर आत दबते आणि वरचा मांडीचा स्नायू अगदी थोडा खेचला जातो. ठोक्याचं काम एवढंच, स्नायूला अचानक ताण देणं. म्हणून या क्रियेचं नाव ताण-प्रतिक्षेप.

हा ताण ओळखणारं यंत्र स्नायूच्या मांसातच असतं. नेहमीच्या तंतूंना समांतर, काही मिलिमीटर लांबीच्या बारीक पिशव्या तिथे पसरलेल्या असतात. मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळत्या. चरख्याच्या चातीवर सूत भरलं की जो आकार येतो, तोच. डॉक्टर मंडळी त्यांना मसल स्पिंडल म्हणतात. मी पेशंटला 'चाती' म्हणूनच सांगते, कापसाच्या मुलखात ते लगेच कळतं. प्रत्येक चातीत मोजके बारीक स्नायुतंतू असतात आणि त्यांच्याभोवती एका चेतातंतूचं टोक वेटोळं घालून बसलेलं असतं. स्नायू लांबला की चाती लांबते, वेटोळं ताणलं जातं आणि संदेश निघतो. स्नायू किती लांबला हे चाती कळवतेच, पण किती वेगानं लांबला याला ती जास्त जोरानं ओरडते. ही गोष्ट मनात ठेवा, पुढच्या व्यायामाच्या भागाचा सगळा आधार हीच आहे.

संदेश नेणारा तंतू शरीरातल्या सर्वांत जाड आणि वेगवान तंतूंपैकी एक आहे. त्याचा वेग सेकंदाला 70 ते 120 मीटर. शंभर धरला तर ताशी 360 किलोमीटर, म्हणजे मोकळ्या रस्त्यावर ताशी 60 नं धावणाऱ्या लालपरीच्या सहापट. हा तंतू पाठीकडच्या बाजूनं मेरुरज्जूत शिरतो आणि कमरेच्या दुसऱ्या ते चौथ्या खंडात, मुख्यतः तिसऱ्या-चौथ्यात, त्याच स्नायूला हुकूम देणाऱ्या प्रेरक चेतापेशीला थेट भेटतो. मध्ये कुणी नाही. भाकरी उलटताना तव्याचा चटका बसला की हात मागं येतो, तीही प्रतिक्षिप्त क्रियाच. पण तिथे संदेश मध्यस्थ पेशींमधून जातो. ताण-प्रतिक्षेपात दोन चेतापेशींमधला एकच सांधा असतो, आणि तो ओलांडायला मिलिसेकंदभरही पुरतो.

म्हणूनच ठोक्यापासून मांडीच्या स्नायूत विजेची हालचाल सुरू व्हायला साधारण 20 मिलिसेकंद लागतात. इशारा दिसला, मनानं ठरवलं आणि हात हलवला, या साध्या कामाला 200 मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. संदेशाची एक प्रत वर मेंदूकडेही जाते, त्यामुळे ठोका बसला हे आपल्याला कळतं. पण कळेपर्यंत स्नायू कामाला लागलेला असतो. त्या भाऊंनी खरंच काही केलं नव्हतं. जे केलं ते त्यांच्या मेरुरज्जूनं केलं.

या वेगानंच सुरुवातीला मोठे मोठे डॉक्टर गोंधळले होते. 1875 साली विल्हेल्म एर्ब आणि कार्ल वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे, एकाच नियतकालिकात, गुडघ्याच्या या उडीचं वर्णन छापलं. एर्ब यांना ती प्रतिक्षिप्त क्रिया वाटली. वेस्टफाल यांना वाटलं, ठोक्यानं स्नायू स्वतःच थरारतो, मेरुरज्जूचा संबंध नाही. इतक्या कमी वेळात संदेश मेरुरज्जूपर्यंत जाऊन परत कसा येईल, हा आक्षेप बरीच वर्षं टिकून होता. ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांच्या प्रयोगांनी चित्र स्पष्ट केलं, आणि 1924 मध्ये लिडेल आणि शेरिंग्टन यांनी दाखवलं की ठोका नसला तरी, नुसता स्नायू खेचला तरी तो उलट आकसून उत्तर देतो. शेरिंग्टन यांना 1932 चं नोबेल एडगर एड्रियन यांच्यासोबत मिळालं.

आता स्वतः करून पाहा: गुडघा

दोन माणसं लागतात. स्वतःचा स्वतः ठोका दिला तर शरीर आधीच सावध होतं आणि पाय आखडतो.

बसायची जागा अशी हवी की पाय जमिनीला टेकणार नाहीत. गावाकडचा उंच ओटा किंवा पाराचा कट्टा यासाठी उत्तम. बाज बहुधा ठेंगणी पडते. मांडीचा गुडघ्यापर्यंतचा भाग टेकलेला आणि नडगी मोकळी लोंबती, एवढं साधलं की झालं. पँट घट्ट असेल तर वर सरकवा. मांडी उघडी दिसली तर फारच चांगलं, कारण पाहायचं तिथेच आहे.

हातोडी नसेल तर पंज्याची करंगळीकडची कड पुरते. लोखंडी किंवा लाकडी काहीही वापरू नका. औषधाच्या मोठ्या दुकानात तिकोनी रबरी हातोडी मिळते. शाळेच्या प्रयोगशाळेत ती ठेवावीच, असं मी प्रत्येक विज्ञान शिक्षकाला सांगते.

जागा शोधणं हे खरं कौशल्य. गुडघ्याची वाटी बोटांनी चाचपा. तिचं खालचं टोक सापडलं की त्याखाली बोटभर रुंदीचा, दाबला तर किंचित आत जाणारा पट्टा लागतो. त्याच्याही खाली नडगीच्या हाडाचा टणक उंचवटा आहे. ठोका द्यायचा तो वाटी आणि उंचवटा यांच्यामध्ये. वाटीवर दिला तर काही होत नाही, उंचवट्यावर दिला तर दुखतं. सापडलेल्या जागी पेनानं टिंब करून ठेवलं तर पुढचे ठोके चुकत नाहीत.

समोरच्या माणसाला बोलण्यात गुंतवा. पेरणी कशी झाली, लेकरू कितवीत आहे, काहीही विचारा. पाय सैल आहे का हे पाहायला नडगी हातानं हलकेच झुलवा. झुलत राहिली तर सैल, मध्येच थांबली तर माणूस ती धरून बसलाय. मग मनगट सैल ठेवून, घड्याळाच्या लंबकासारखा हात आपल्या वजनानं पडू द्या. जोर लावायचा नाही. छोटा, झटपट, नेमका ठोका, आणि लगेच हात उचला. दाबून ठेवलेला ठोका वाया जातो, कारण चातीला हवा आहे वेग.

नजर पावलावर ठेवू नका. डावा तळवा त्याच्या मांडीच्या पुढच्या भागावर ठेवा. पाय फारसा हलला नाही तरी तळव्याखाली स्नायूचा टणका जाणवला, तर उत्तर आलं असंच धरायचं. विद्यार्थ्यांना मी हे दहादा सांगते, तरी सगळे पावलाकडेच बघत राहतात.

उत्तर आलं नाही तर घाईनं निष्कर्ष काढू नका. दोन्ही हातांची बोटं आकड्यांसारखी एकमेकांत अडकवायला सांगा, आणि "आता ओढा!" म्हणताच बाहेरच्या बाजूला जोरात ओढायला लावा. त्याच क्षणी ठोका द्या. मघाशी निजलेला गुडघा बहुतेक वेळा आता उडतो. एर्नो येंद्रासिक या हंगेरियन डॉक्टरांनी 1885 मध्ये सांगितलेली ही युक्ती आजही रोज वापरली जाते. लक्ष हाताकडे गेल्यानं पाय सैल पडतो हे एक कारण, आणि हात ओढताना मेरुरज्जूच्या पेशी एकंदरीतच जास्त तयारीत येतात हे दुसरं.

एका बाजूला तीन-चार ठोके, मग दुसऱ्या बाजूला तितकेच. जागा, जोर आणि बसण्याची पद्धत दोन्हीकडे सारखी.

ज्याच्या गुडघ्याला सूज, जखम किंवा अलीकडचं ऑपरेशन आहे, त्याला ठोका देऊ नका. कुणी झाडावरून किंवा गाडीवरून पडून पाठ-मान दुखत असेल तर त्याला तपासणीसाठी उठवून बसवणंच धोक्याचं आहे. त्याला जसं आहे तसं सरळ ठेवून दवाखान्यात न्या.

टाच, जी जास्त सांगते

गुडघ्याची गंमत सगळ्यांना ठाऊक असते, पण माझ्या कामात टाचेचा ठोका जास्त उपयोगी पडतो. न हलणाऱ्या जड खुर्चीवर गुडघे टेकवून, पाठीचा टेका हातानं धरून माणसाला उभं करा. पावलं खुर्चीच्या कडेबाहेर मोकळी लोंबली पाहिजेत. एका हातानं पावलाचा चवडा किंचित नडगीच्या दिशेनं ढकलून धरा, म्हणजे पोटरीला थोडा ताण बसेल, आणि टाचेच्या हाडाच्या दोन-तीन बोटं वर जाड शिरेवर, म्हणजे तिथल्या कंडरेवर, ठोका द्या. पाऊल तळहातावर दाब देतं. हा दाब डोळ्यांपेक्षा हाताला आधी कळतो.

टाचेचं वर्तुळ, म्हणजे संदेशाची जाण्या-येण्याची वाट, त्रिकास्थीच्या (कमरेखालच्या त्रिकोणी हाडाच्या) पहिल्या खंडातून जातं. इथे शरीराच्या रचनेतली एक गोष्ट समजली की कंबरदुखीचं अर्धं कोडं सुटतं. मोठ्या माणसाचा मेरुरज्जू पाठीच्या कण्याच्या तळापर्यंत पोचतच नाही; तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. तिथून खाली नुसत्या चेतांच्या मुळ्या घोड्याच्या शेपटीसारख्या लोंबत उतरतात आणि आपापल्या मणक्यापाशी बाहेर पडतात. कमरेचा पाचवा मणका आणि त्रिकास्थी यांच्यामधली गादी मागं सरकली की ती बहुतेक वेळा त्रिकास्थीच्या पहिल्या मुळीवरच दाब देते. संदेश जाण्या-येण्याची वाट तिथे अडते आणि टाचेचा ठोका, म्हणजे ठोक्याला येणारं उत्तर, विझतो. गुडघ्याची मुळी त्याच्या वर निघून गेलेली असते, म्हणून गुडघा शाबूत. भाऊंचे दोन्ही गुडघे उडाले आणि एकच टाच गप्प राहिली, ती यामुळे. त्यांच्या बायकोला, मावशींना, मी भिंतीवरच्या सांगाड्यावर बोट ठेवून ती जागा दाखवली. त्या म्हणाल्या, "म्हणजे दुखणं कंबरात अन् चोरी टाचंत." मी इतकं नेमकं कधीच सांगू शकले नसते.

हाताचा ठोका पाहायचा असेल तर कोपराच्या वळीत दंडाच्या स्नायूची दोरी लागते, तिच्यावर स्वतःचा अंगठा ठेवून अंगठ्यावर ठोका द्या. तो मानेच्या पाचव्या-सहाव्या खंडाचा. कोपरामागचा मुख्यतः सातव्याचा.

उत्तर वाचायचं कसं

डॉक्टर 0 ते 4 असे आकडे लिहितात: 0 म्हणजे उत्तर नाही, 2 म्हणजे नेहमीचं, 4 म्हणजे फारच जोरदार. पण आकड्याला एकट्याला अर्थ नसतो. परीक्षेच्या काळात घाबरलेल्या मुलीचे दोन्ही गुडघे जोरात उडतात आणि ती ठणठणीत असते. काही निरोगी माणसांचे ठोके सगळीकडेच मंद असतात. सत्तरी ओलांडलेल्या आजोबांच्या दोन्ही टाचा गप्प असणं पुष्कळदा नुसतं वयाचं असतं. म्हणून तीन तुलना करायच्या: डावं विरुद्ध उजवं, हात विरुद्ध पाय, आणि आज विरुद्ध मागच्या वेळी. फरक दिसला आणि सोबत ताकद कमी, मुंग्या किंवा बधिरपणा असेल, तर त्या फरकाला किंमत आहे.

एका बाजूचा ठोका गेला की वाट कुठेतरी अडली, एखादी मुळी किंवा नस दबली. दोन्ही टाचांचे गेले आणि गुडघे शाबूत आहेत, तर शरीरातल्या सर्वांत लांब नसा टोकाकडून झिजत असण्याची शक्यता. मधुमेहात हेच होतं. जितकी नस लांब तितकी ती आधी सापडते, म्हणून सुरुवात पावलांपासून. अशा माणसानं अनवाणी शेतात किंवा तापलेल्या डांबरावर चालू नये, वारीतसुद्धा. खडा रुतलेला त्याला कळत नाही. रोज रात्री दिव्याखाली तळवे पाहावेत, स्वतःला दिसत नसतील तर सुनेला किंवा नातवाला दाखवावेत. आपल्याकडे माळकरी घरांत मी ब-12 जीवनसत्त्वाची कमतरताही पाहते. तिथे मुंग्यांसोबत तोल बिघडतो, विशेषतः अंधारात, किंवा डोळे मिटून तोंडावर पाणी मारताना. ही कमतरता रक्ताच्या साध्या तपासणीत सापडते आणि औषधानं भरून निघते, पण फार उशीर झाला तर नुकसान राहून जातं.

थायरॉइड मंद असलेल्यांच्या टाचेचा ठोका येतो, पण पाऊल परत जागेवर यायला रेंगाळतं. एकदा ते संथ परतणं पाहिलं की विसरत नाही.

एका परिस्थितीत थांबायचं नाही. काही दिवसांत, कधी काही तासांत, दोन्ही पायांची ताकद खालून वर जात कमी होत चालली आणि ठोकेही गेले, तर तो गियाँ-बारे म्हणजे जीबीएस असू शकतो. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात त्याची साथ आली तेव्हा हे नाव घराघरांत पोचलं. यात श्वासाचे स्नायूही दुबळे होऊ शकतात, म्हणून रात्र असो की पहाट, व्हेंटिलेटर असलेल्या मोठ्या दवाखान्यातच जायचं. तसंच कंबरदुखीसोबत लघवी अडली, किंवा सायकलच्या सीटवर टेकणारा भाग बधिर झाला, तर त्याच दिवशी पोचायला हवं. त्या वेळी घरी ठोके देत बसू नका.

आणि ठोका फार जोरात येत असेल तर? तर वाट शाबूत आहे, पण वरचा लगाम सुटला आहे.

लगाम आणि दुसरा बैल

मेंदू वरून उतरणाऱ्या तंतूंनी मेरुरज्जूच्या या वर्तुळावर सतत हात ठेवून असतो. कधी मोकळं सोडतो, बहुतेक वेळा आवरून धरतो. लकवा मारला की पहिले काही दिवस हात-पाय लुळे असतात, ठोकेही मंद किंवा गायब. मग काही दिवसांत किंवा आठवड्यांत तेच ठोके जोरानं परततात आणि हात आखडायला लागतो. घरच्यांना वाटतं ताकद आली. खरं तर वरचा लगाम सैल झाल्यानं ताण-प्रतिक्षेप मोकाट सुटलेला असतो. काहींचं पाऊल चवड्यावर टेकलं की शिलाई मशीनच्या पायासारखं थरथरत राहतं. तेही याच साखळीचं, प्रत्येक ताण पुढच्या आकुंचनाला जन्म देतो.

लकव्याच्या माणसाला मालीश करणारे नातेवाईक मी रोज पाहते. मायेनं करतात, पण आखडलेला हात हिसका देऊन सरळ करतात. चातीला वेग नको आहे! जितका जोरात ओढाल तितका स्नायू उलट ओढणार, हात आणखी घट्ट होणार, आणि खांदा दुखावला तर माणूस हात जवळ येऊच देत नाही. अंगठा तळव्यातून हळूच बाहेर घ्या, मग बोटं, मग मनगट, मग कोपर. प्रत्येक ठिकाणी विरोध लागला की तिथेच थांबा, 30 सेकंद ते मिनिटभर धरून ठेवा. विरोध विरघळतो, मग पुढे सरका. दिवसातून तीन-चार वेळा. पंधरा दिवसांपूर्वी एक लेक आपल्या वडिलांचा हात असा उघडत होती. चौथ्या मिनिटाला मूठ सुटली आणि त्यांनी तिच्या तळहातावर बोट फिरवलं.

लगामासोबत आणखी एक सोय आहे. बैलगाडी वळवायची तर एका बैलानं ओढावं आणि दुसऱ्यानं ढिलं सोडावं लागतं. दोघंही आपापल्या बाजूला ओढायला लागले तर जू मोडेल. मांडीचा पुढचा स्नायू आकसतो तेव्हा चातीचाच संदेश, एका मध्यस्थ पेशीतून, मांडीमागच्या स्नायूला "सोड" असं सांगतो. ती पेशी ग्लायसीन नावाचं रसायन सोडून पलीकडच्या पेशीला गप्प करते. ही गप्प करण्याची यंत्रणा बंद पडली तर काय होतं हे आपल्या आजीला शब्दावरून माहीत होतं: धनुर्वात. त्या जंतूंचं विष मेरुरज्जूत शिरून हेच ग्लायसीन आणि त्याच्या जोडीचं रसायन सुटू देत नाही. दोन्ही बैल एकदम ओढतात, पाठ धनुष्यासारखी वाकते. कुचल्याच्या बियांतलं विष वेगळ्या वाटेनं तिथेच पोचतं, ते ग्लायसीनची जागाच अडवतं. बाळाची नाळ विळ्यानं कापण्याच्या काळात किती लेकरं या आजारानं गेली. लस आणि स्वच्छ बाळंतपणं यांमुळे 2015 साली भारतातून माता-नवजातांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. पण माती-शेणात कोयता लागलेल्या पायाला इंजेक्शन आजही त्याच दिवशी हवं.

पहाटे धावणाऱ्या पोरापोरींसाठी

आमच्या रस्त्यावर पहाटे पाचला पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली धावतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. धावण्याआधी पाय दगडावर ठेवून, खाली-वर हिसके देत पोटरी ताणण्याची पद्धत मी तिथे रोज बघते. प्रत्येक हिसक्याला चाती ओरडते, पोटरी आकसते, आणि आकसलेल्या पोटरीलाच तुम्ही पुन्हा ओढता. त्याऐवजी सुरुवातीला आठ-दहा मिनिटं चालणं आणि मंद धावणं, मग गुडघे वर घेत चालणं, पाय झुलवणं. लांब धरून ठेवायचे ताण धावून झाल्यावर: भिंतीला हात टेका, मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीला, आणि पोटरीत ओढ जाणवेल तिथे 30 सेकंद स्थिर. श्वास रोखायचा नाही. तीन वेळा, दोन्ही बाजूंना. दुखेपर्यंत नेलं तर फायदा वाढत नाही.

रात्री पोटरीत गोळा आला तरी नियम तोच. गुडघा सरळ करा, चवडा धरून आपल्याकडे सावकाश ओढा आणि गोळा सुटेपर्यंत धरून ठेवा. झटका देऊ नका.

चिठ्ठी

भाऊंना मी दवाखान्यात पाठवलं, एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसली. ऑपरेशन लागलं नाही. औषधं, विश्रांती आणि मग हळूहळू वाढवलेला व्यायाम यांनी मुंग्या कमी होत गेल्या, आणि पोळ्याच्या सुमारास ते उजव्या चवड्यावर दहा वेळा उठू लागले. टाचेचा ठोका मात्र परत आला नाही. असं पुष्कळदा होतं. दुखणं जातं, ताकद येते, आणि हा एक ठोका कायमचा हरवतो. त्यानं चालण्यात काही अडत नाही.

पण पुढं कुठल्या तरी दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरनं टाचेवर ठोका दिला तर ती जुनी खूण नवी समजली जाऊ शकते. म्हणून मी त्यांना एका कागदावर लिहून दिलं: तारीख, गुडघे दोन्ही 2, डावी टाच 2, उजवी टाच 0, जुनं. दिवाळीआधी टोळी निघाली तेव्हा ते भेटून गेले. मावशींनी ती चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत, आधार कार्डाच्या मागं घालून ठेवली होती.